सेवामंडळाचे रक्त आणि पुढाऱ्याचा वाढदिवस

येत्या रविवारी आमच्या गावच्या सेवामंडळाची वार्षिक सभा भरणार आहे. मंडळाच्या चिटणिसांनी सभेचे आमंत्रण व पुढल्या तीन महिन्यांच्या कामांची यादी आमच्याकडे छापण्यास धाडली. ती जशीच्या तशी छापून आम्ही मोकळे झालो असतो. पण यादीतले पहिलेच कलम वाचून आमची लेखणी अडखळली. सबब यादीबरोबर आमचे चार शब्दही वाचकांनी गोड करून घ्यावेत. कडू लागले तरी गिळावेत, कारण मंडळ परक्याचे नाही, आणि त्याच्या वर्गणीच्या वहीत आमचेही नाव आहे.

हे मंडळ कोणा शेटसावकाराच्या देणगीतून निघालेले नव्हे. चार शेतकऱ्यांची पोरे, एक सुतार, एक गवंडी आणि एक केशकर्तनाचे दुकान चालवणारा गडी यांनी ते उभे केले. गावात मयत झाले की लाकडे आणि तिरडी, रात्री अपरात्री आजारी माणूस तालुक्याला न्यायचा झाला की जीप, शाळेची भिंत पडली की दगड-माती. इतकी साधी कामे करत मंडळ वाढले. वर्गणी महिना 20 रुपये. ज्याला तेवढीही जमत नाही तो एक दिवस अंगमेहनत देतो आणि त्याचे मत सभेत 20 रुपयेवाल्याइतकेच धरले जाते. अशी रीत मोठमोठ्या शहरी क्लबांतही सहसा दिसत नाही, म्हणून आम्हांला या मंडळाचा अभिमान वाटतो आणि म्हणूनच आज बोलणे भाग आहे.

यादीतले पहिले कलम रक्तदान शिबिराचे. हे शिबिर दिवाळीनंतरच्या आठवड्यात घ्यावे असे मंडळाने जूनच्या बैठकीत ठरवले होते. आता यादीत तारीख बदलली आहे. तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस सप्टेंबरात येतो, त्या मुहूर्तावर शिबिर ठेवले आहे. मांडव पुढारी देणार, नाश्ता पुढारी देणार, रक्त देणाऱ्या प्रत्येकाला एक हेल्मेट पुढारी देणार, आणि वेशीवर जो वीस फुटी फलक लागेल त्यावर पुढाऱ्याचे तोंड मोठे व मंडळाचे नाव खाली मुंगीएवढे असणार. रक्त मात्र आमच्या पोरांचे.

या बदलाच्या बाजूने बोलणारी मंडळीही आमचीच आहेत, तेव्हा त्यांचे म्हणणे आधी सांगतो. ते म्हणतात, मागल्या खेपेस आपण आपल्या ताकदीवर शिबिर घेतले तेव्हा जेमतेम तीस जण आले. पुढाऱ्याच्या नावाने शंभर येतील. शंभर पिशव्या तीस पिशव्यांहून बऱ्या की नाही? हेल्मेटामुळे का होईना, रक्त जमते ना? शिवाय पुढारी खूश झाला तर ओढ्यावरच्या पुलाचेही काम होईल.

ऐकायला हे ठीक वाटते. पण रक्त म्हणजे ज्वारीची पोती नव्हेत, की कणगीत भरून ठेवली आणि लागेल तेव्हा काढली. पिशवीतले रक्त साधारण 35 दिवस टिकते. त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढून विशिष्ट द्रवात ठेवल्या तर 42 दिवस. डेंग्यूच्या रोग्याला ज्या प्लेटलेट चढवतात त्यांचे आयुष्य तर अवघे 5 दिवसांचे. पुढे ते रक्त फेकून द्यावे लागते. आता दुसरी बाजू पाहा. ज्या पुरुषाने आज रक्त दिले त्याला पुढले 90 दिवस देता येत नाही, बाईला 120 दिवस. म्हणजे शंभर जणांचे रक्त एकाच दिवशी काढले, तर महिना-सव्वा महिन्यात त्यातले शेवटचे थेंबसुद्धा वापरले तरी जातील किंवा वाया तरी जातील. आणि तेथून पुढे जवळजवळ दोन महिने त्या शंभरांतल्या एकालाही हाक मारता येणार नाही. साठाही नाही आणि दातेही नाहीत! त्यातून त्या वाढदिवसाला हे एकट्या आमच्याच गावात घडणार आहे असे नव्हे. आजूबाजूच्या सहा-सात गावांतही त्याच दिवशी मांडव पडणार आहेत. सुगीत एकदम माल आणला की बाजार पडतो हे शेतकऱ्याच्या पोराला आम्ही काय शिकवावे?

हा हिशेब आम्ही पुस्तकात बघून मांडलेला नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या वरल्या वस्तीवर एक बाई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. तालुक्याला नेली, तेथून जिल्ह्याला नेली. तिच्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती. नवऱ्याने मंडळाच्या गड्यांना फोन लावले. एकामागून एक अकरा जणांना लावले. गडी धावून जायला तयार. पण त्या अकरांपैकी नऊ जणांनी तीनच आठवड्यांपूर्वी एका जयंतीच्या शिबिरात रक्त दिलेले. राहिलेल्या दोघांचा गट जुळेना. अखेर रात्री दोन वाजता शेजारच्या जिल्ह्यातून पिशवी आली. बाई वाचली, पोर वाचले. नवरा दीड एकराचा धनी. गाडीभाड्यापायी त्याने दोन शेळ्या विकल्या. त्या जयंतीच्या शिबिराचा फलक अजून वेशीवर फाटक्या अंगाने लोंबतो आहे, आणि त्या बाईच्या घरचे रोज त्याच्याखालून रानात जातात.

उन्हाळ्यात कॉलेजे बंद असतात, माणसे लग्नसराईत गुंतलेली असतात. दिवाळीला सगळे घरोघर. या दोन हंगामांत रक्ताची ओढ पडते हे रक्तपेढीत काम करणारा कोणीही सांगेल. ज्या पोराला थॅलेसेमिया आहे त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याचा आजार पुढाऱ्याची जन्मतारीख विचारत नाही. जूनच्या बैठकीत मंडळाने दिवाळीनंतरचा आठवडा धरला होता तो याच कारणाने. तो ठराव शहाणपणाचा होता. मग तो मोडला कोणी, कोणत्या बैठकीत मोडला, आणि त्या बैठकीच्या वहीवर सह्या कोणाच्या? आमच्या माहितीप्रमाणे अशी बैठक झालीच नाही. एका संध्याकाळी पुढाऱ्याच्या बंगल्यावर चहा झाला, इतकेच झाले.

आमचे म्हणणे असे की शंभराचा एक मांडव नको, पंचवीस-पंचवीसांचे चार दिवस हवेत. एक दिवाळीनंतर, एक माघात, एक भर मे महिन्यात, एक पावसाळ्यात. मांडव लागत नाही. शाळेच्या दोन खोल्या पुरतात. गावातल्या कोणाचा गट कोणता याची वही मंडळाने ठेवावी आणि त्या वहीत शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख मांडावी. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 असले की माणूस चालतो. आमच्या आयाबहिणींपैकी कित्येकींचे हिमोग्लोबिन त्याच्या खाली असते. त्यांना शिबिरातून नुसते परत पाठवू नये, त्यांची नावे आरोग्यकेंद्राच्या नर्सबाईंकडे द्यावीत. हेही सेवेचेच काम आहे, पण ते फलकावर छापता येत नाही म्हणून कोणाला सुचत नाही.

आणि त्या हेल्मेटाविषयी. रक्त विकून पोट भरणाऱ्या गरिबांचा एक काळ या देशात होता. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून तो धंदा बंद झाला. याचे कारण असे की पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवतो आणि तो आजार घेणाऱ्याच्या अंगात जातो. पिशवीची तपासणी होते हे खरे. एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप यांच्या चाचण्या होतात. पण लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तीही चुकू शकते. तेथे माणसाच्या खरे बोलण्यावरच भिस्त असते. हेल्मेटाच्या आशेने आलेला पोरगा गेल्या महिन्यातली कावीळ सांगेल का? हेल्मेट डोक्यावर असावेच, आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. पुढाऱ्यास ते वाटायचेच असेल तर त्याने ते रक्ताच्या बदल्यात न देता पोळ्याच्या बाजारात उभे राहून वाटावे.

आता यादीतली बाकीची कलमे. ओढ्यावर वनराई बंधारा घालण्याचे ठरले आहे, ते फार चांगले. पाऊस ओसरल्यावर ओढ्याची धार बारीक होते पण आटत नाही, तेवढ्या पंधरा दिवसांत हे काम उरकले पाहिजे. उशीर झाला की अडवायला पाणीच राहत नाही. सिमेंटच्या व खताच्या रिकाम्या गोण्या आतापासून जमवाव्यात. गोण्या माती-वाळूने तोंडाशी थोड्या कमी भरून शिवाव्यात, आणि विटांचे थर जसे सांधा मोडून रचतात तशा रचाव्यात. मध्ये चिकण माती ठासावी. आमचे गवंडीदादा मंडळात आहेत, त्यांनाच त्या दिवसाचे पुढारीपण द्यावे. खालच्या अंगाच्या विहिरींना हरभऱ्याच्या एका-दोन पाण्यांची सोय झाली तरी पुष्कळ झाले.

विश्वकर्मा योजनेचे अर्ज भरून देण्याचा दिवसही मंडळाने नेमला आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, टोपल्या-झाडू करणारे अशा 18 धंद्यांचे कारागीर धरले आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत, शिकण्याच्या दिवसांत रोज 500 रुपये, आणि पुढे 5 टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप. एका घरातून एकालाच लाभ मिळतो. नोंदणीला कारागिराकडून पैसे घ्यायचे नाहीत असा नियम असता, आमच्या कुंभारवाड्यातून एका दलालाने माणशी 300 रुपये उकळले आहेत. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडे असते, म्हणजे अडकते तीही तेथेच. मंडळाने नुसते अर्ज भरून थांबू नये. कोणाचा अर्ज कोठे अडला त्याची यादी चावडीवर लावावी.

अभ्यासिकेच्या खोलीचे काम पुरे झाले याबद्दल अभिनंदन. परंतु तिच्या वास्तुशांतीसाठी 2,100 रुपये मांडलेले पाहून हसू आले. ज्या खोलीत आमची पोरे-पोरी वाचायला बसणार, तेथल्या विटा कुंभाराने भाजल्या, दार सुताराने घडवले, भिंत गवंड्याने चढवली. एवढ्या हातांनी शांत न झालेली वास्तू दक्षिणेने कशी शांत होणार? त्या पैशांत एक पंखा आणि दोन दिवे येतात. सत्यशोधक समाजाचा स्थापनादिन 24 सप्टेंबर. जोतीरावांनी 1873 साली पुण्यात समाज काढला तो दिवस. त्याच दिवशी गवंडीदादांच्या हातून कुलूप उघडावे आणि पहिली ओळ सातवीतल्या एखाद्या मुलीने वाचावी.

जोतीरावांचे नाव निघाले म्हणून जमाखर्चाचेही बोलतो. समाजाचे पहिले अध्यक्ष तेच आणि खजिनदारही तेच. पण समाजाने आपल्या कामाचे रिपोर्ट छापून लोकांपुढे ठेवले. 1877 च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवले. वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी मुंढव्याचे एक आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 ला त्यांचे प्राण गेले. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे घरोघरच्या मूठ मूठ धान्यावर वसतिगृहे चालवली. देणगी त्यांनीही घेतली, पण देणाऱ्याच्या वाढदिवसाला पोरे नेऊन उभी केली नाहीत.

मंडळ नोंदलेले आहे. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे त्याचा हिशेब दरसाल धर्मादाय कचेरीत जातो. मग पुढाऱ्याचा मांडव, नाश्ता, हेल्मेटे यांची रक्कम मंडळाच्या वहीत जमा होणार आहे की नाही? जमा होणार असेल तर पावती फाडावी. होणार नसेल तर तो कार्यक्रम मंडळाचा नव्हे, आणि फलकावर मंडळाचे नाव मुंगीएवढेही असू नये. हा प्रश्न आम्ही रविवारी सभेत उभे राहून विचारणार आहोत. चिटणिसांवर आमचा राग नाही. मे महिन्यातल्या त्या रात्री जीप त्यांनीच हाकली होती. म्हणूनच ते याचे उत्तर सरळ देतील अशी आशा आहे.

आणखी एक खटकलेली गोष्ट. मंडळाच्या अकरा जणांच्या कमिटीत एकही बाई नाही. बंधाऱ्याला गोण्या शिवणार बायाच, शिबिरात पोहे करणार बायाच. या सभेत दोन जागा भरायच्या आहेत. त्या दोन्ही त्यांना द्याव्यात अशी सूचना आम्ही मांडू. अनुमोदन देणारे हात वाचकांतून निघोत.

सभा रविवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात आहे. पाऊस असल्यास नव्या खोलीत. वर्गणीची पावती किंवा अंगमेहनतीची चिठ्ठी बरोबर आणावी, त्याशिवाय मत देता येणार नाही. आपला रक्तगट ठाऊक असेल तर तो चिठ्ठीवर लिहून आणावा. ओढ्याच्या फरशीवरून पाणी जात असेल तर कुंभारवाड्याच्या मंडळींनी वरल्या वस्तीच्या वाटेने यावे. मंडळाची जीप साडेसहाला तेथे उभी राहील.