'अशक्तपणा' हद्दपार कशासाठी?

'अशक्तपणा' हा शब्द दवाखान्यातून हद्दपार करावा, असं एका वैद्यकीय लेखकानं नुकतंच मांडलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अशक्तपणा हे कुठल्या रोगाचं नाव नाही, तो मोजता येत नाही आणि याच शब्दावर गावोगावी सलाइनचा धंदा पोसला जातो; म्हणून रोग्यानं नेमकं बोलायला शिकावं. वाचून संताप आला. रोग्यानं निदान करूनच दवाखान्याची पायरी चढायची असेल, तर डॉक्टरांनी फी कसली घ्यायची?

शब्द मोघम आहे, हा आरोप तर साफ खोटा. दिवसभर निंदणी करून आलेली बाई 'दमले' म्हणते. रात्रीच्या झोपेनं तो दम उतरतो. लग्नघरातली धावपळ सरल्यावर येतो तो 'शीण'. तापाआधी 'कणकण' असते, 'अंग मोडून येतं'. वाईट बातमीनं 'हातपाय गळतात'. यांपैकी काहीच बसत नाही, विसावा घेऊनही बळ परतत नाही, हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा ती 'अशक्तपणा आलाय' म्हणते. एवढी पारख करून ती एक शब्द निवडते आणि समोरचा तो ऐकताच मान खाली घालून औषधं खरडू लागतो. मोघम कोण?

तिला पुढचं विचारा ना! पाळीत अंगावरून जास्त जातं का? माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? संध्याकाळी बारीक ताप, खोकला, वजन उतरणं आहे का? तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का? पायांना मुंग्या येतात का? रक्तक्षय, क्षय, मधुमेह, बी-१२ची कमतरता, यांच्या वाटा याच एका शब्दापासून फुटतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायका! नंदुरबार-गडचिरोलीत यात सिकलसेलची भर पडते. या बायकांनी कुठला शब्द वापरावा, ते लेखकमहाशयांनी सांगावं. 'माझं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलंय' असं तपासणीआधीच म्हणावं काय?

मोजता येत नाही म्हणे! वृद्धांच्या अशक्तपणाचं मोजमाप २००१ सालीच अमेरिकी संशोधकांनी मांडलं आहे : नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल झालेली हाताची पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. पाचांतली तीन लक्षणं असली की माणूस अशक्त.

सलाइनबद्दल माझं त्यांच्याशी भांडण नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. त्यानं ताकद येत नाही. पण सुई टोचणाऱ्याचा गुन्हा शब्दाच्या माथी मारणं हा कुठला न्याय? पूर्वी 'आजार' फारसी आहे म्हणून त्याला हाकलायला काही मंडळी निघाली होती. आजार तिथंच राहिला, लोक तो शब्द आजही बोलतात. शब्दांवर राग काढायची ही खोड जुनी आहे.

माझी मागणी साधी आहे. केसपेपरवर रोग्याचा शब्द रोग्याच्याच भाषेत लिहावा, त्यापुढे 'कधीपासून' आणि 'काय करताना' एवढं विचारून टिपावं, आणि हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय अशक्तपणाच्या रुग्णाला परत पाठवू नये. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नयेत आणि हिमोग्लोबिन वाढल्यावरही काही महिने चालू ठेवाव्यात, हे तिला समजेल असं सांगावं.