सुरक्षा नक्की कोणाची?

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक संपवून मी मोबाइलवर एक ऑनलाइन परिसंवाद लावला. विषय होता आंतरराष्ट्रीय संबंध आणि जागतिक सुरक्षेचे संशोधन. सात-आठ जणी भोवती बसून राहिल्या. पाच वक्ते, पाचही पुरुष, भाषा इंग्रजी. क्षेपणास्त्रे, सागरी मार्ग, सायबर हल्ले. मी मधूनमधून मराठीत सांगत होते. शेवटी एकीने विचारले, ‘ताई, हे सुरक्षा सुरक्षा म्हणून रायले, ते कोनाची?’

मी तिचा प्रश्न लिहून पाठवला. सोबत फवारणीत दगावलेल्यांचा उल्लेख केला. उत्तर आले, हा विकासाचा प्रश्न आहे, सुरक्षेचा नाही. पुढचा प्रश्न!

मैत्रिणींनो, या उत्तराचा मला राग आला, कारण ते चूक आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वेळी वापरलेल्या औषधांपैकी एक होते ‘पोलो’, स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीचे. त्याच वर्षी ही कंपनी चीनच्या सरकारी कंपनीने विकत घेतली. 2021 साली यवतमाळच्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमध्ये बासेल इथे दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण त्या विषातला डायफेन्थियुरॉन हा घटक आपल्या देशाबाहेर पाठवायला स्वित्झर्लंडने 2021 पासून बंदी घातली. स्विस कंपनी, चिनी मालक, आपले शेत आणि आपली विधवा. हे आंतरराष्ट्रीय संबंध नाहीत, तर मग काय आहेत?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात येण्याचे, विकण्याचे तेच दिवस. वेचणीला वाकणाऱ्या बाईला हे कोणी विचारले होते?

शिवाय ‘सुरक्षा’ म्हणजे फक्त सीमा आणि सैन्य, हे ठरवले कोणी? संयुक्त राष्ट्रांच्या 1994 च्या मानव विकास अहवालाने अन्न, आरोग्य, रोजगार, पर्यावरण यांनाही सुरक्षेतच धरले. 1995 साली बीजिंगला जगभरच्या बायकांनी युद्ध आणि शांतता हा आपलाही विषय असल्याचे ठणकावून सांगितले. 2000 साली सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 1325 करून शांततेच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग मान्य केला. कागदावर जागा मिळाली. पडद्यावर मात्र अजून पाच पुरुषच दिसतात.

पण दोष फक्त त्यांचा नाही. आपल्यातल्याही काही जणी म्हणतात, दारू, मारहाण, सातबाऱ्यावर नाव, एवढे असताना अमेरिका-चीन कशाला? मीही बरीच वर्षे हेच म्हणत होते. समाजकार्याच्या एम.ए.त आम्ही ‘वस्ती’ शिकलो, ‘जग’ शिकलो नाही. पण विधवेच्या डोक्यावरच्या कर्जाचा माग काढत गेले की वाट गावाच्या वेशीवर थांबत नाही. तो विषय आपण सोडला, तर आपल्या वतीने दुसरेच बोलतात.

ऑनलाइनमुळे दिल्ली-जिनिव्हाची चर्चा गावात येते, ही सोय चांगलीच आहे. पण नुसते ऐकायला बोलावणे म्हणजे सहभाग नव्हे. म्हणून आयोजकांना आपण एकजुटीने सांगू या: मराठीत दुभाषी द्या, वक्त्यांत शेतकरी बाई घ्या, आमचा प्रश्न ‘विकासाचा’ म्हणून बाजूला सारू नका. आणि त्यांची वाट न पाहता प्रत्येक गटाने तीन महिन्यांतून एक बैठक याच विषयावर घ्यावी. खताची पिशवी, औषधाची बाटली, कापसाची पावती समोर ठेवावी आणि विचारावे, हे कुठून आले, भाव कोणी ठरवला?

राळेगावच्या त्या बाईला अजून उत्तर मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत तिचा प्रश्न आपण प्रत्येक परिसंवादात विचारत राहू.