शिधापत्रिकेचा रंग आणि चौथे शील

मुंबईत शिधापत्रिकेला तीन रंग आहेत: पिवळा, केशरी व पांढरा. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावरून हे रंग १९९९ साली सरकारने ठरविले. एक लाख रुपये वा अधिक उत्पन्न असलेल्या घराला पांढरी पत्रिका. सरकारच्या लेखी ते घर सुखवस्तू. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याखालील धान्यासाठी महाराष्ट्र सरकारने शहरी कुटुंबाला ५९,००० रुपयांची मर्यादा घातली. दहा वर्षांहून अधिक काळ ही रेघ जागची हलली नाही.

आता हिशेब करा. केंद्र सरकारने २०१९ साली मजुरीचा किमान तळ दिवसाला १७८ रुपये ठरविला. नवरा-बायको दोघांनी महिन्यास २६ दिवस त्या दराने काम केले, तर वर्षाची मिळकत १,११,०७२ रुपये होते. ज्या मजुरीखाली कोणी जाऊ नये असे सरकारच म्हणते, तेवढी दोघांना मिळताच ते झोपडे मलबार हिलच्या बंगल्याच्या पंक्तीला जाऊन बसते! ज्या एम-पूर्व विभागाला महानगरपालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालाने शहरात सर्वांत खाली दाखविले, त्या गोवंडी-मानखुर्दलाही हीच फूटपट्टी.

यावर शहाणे म्हणतात, गरीब लोक उत्पन्न खोटे सांगतात. सांगत असतील, पण त्यांना खोटे बोलावयास लावतो कोण? बौद्ध बांधवांनो, आपण पंचशील घेतले आहे. असत्य बोलणार नाही, हे त्यातील चौथे शील. ते पाळणाऱ्या उपासिकेने अर्जावर खरी मजुरी लिहावी आणि माणशी पाच किलो धान्यास मुकावे, की खोटा आकडा लिहून मुलांना जेवू घालावे? धर्म आणि भाकरी यांत निवड करावयास लावणारे हे राज्य स्वतःस कल्याणकारी म्हणविते! आळवी नगरीत एक दरिद्री शेतकरी भुकेलेला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालविले व मग धम्म सांगितला, अशी कथा आहे. त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नव्हता.

मर्यादेच्या आत बसले तरी सुटका नाही. महाराष्ट्राला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक दिला तो २०११ च्या जनगणनेवरून. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली व शहरात आलेली माणसे कोणत्या आकड्यात बसावयाची? कोणाचे नाव कमी होईल तेव्हा आपले लागेल, म्हणून शेजाऱ्याच्या मरणाची वाट पाहावयाची काय?

मागणी स्पष्ट असावी. मर्यादा किमान वेतनाशी जोडा आणि इष्टांक आजच्या लोकसंख्येवर ठरवा. तोवर प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर वही उघडा. ज्यांना धान्य नाकारले त्यांची नावे लिहा, शिधावाटप कार्यालयाकडून नकार लेखी मागा, आणि ते कागद घेऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व राज्य अन्न आयोगाकडे जा. ही दोन्ही दारे कायद्यानेच ठेवली आहेत. अर्ज घरातील वडील स्त्रीच्या नावे करा. पत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून तिचेच नाव असावे, असे तोच कायदा सांगतो.