ऑक्टोबरचा आकडा

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुणे यांना खुले पत्र



जालना जिल्ह्यातल्या एका गावात माझी साडेतीन एकर जमीन आणि आठ परस खोल विहीर आहे. वडिलांनी ती खणली तेव्हा खोली परसात मोजत, तुम्ही मीटरमध्ये मोजता. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे दोन्ही मापं आपल्याला कळतात, असा माझा समज होता. २०१८ च्या ऑक्टोबरातल्या एका मापाने तो घालवला.

त्या महिन्यात तुमचा एक कर्मचारी पातळी मोजायला विहिरीवर आला. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधलेलं. ते खाली सोडायचं, पाण्याला टेकल्याचा डुबुक् असा आवाज आला की थांबायचं, टेप कठड्याशी चिमटीत धरायची आणि आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करायची. दोन मिनिटांचं काम. त्याने वहीत आकडा मांडला आणि मी न विचारताच म्हणाला, "गुरुजी, पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा दोन मीटर खाली आहे." मी मान डोलावली, चहा पाजला आणि आठ दिवसांनी दीड एकरात ऊस लावला. विहिरीत पाणी तर दिसत होतं.

फेब्रुवारीत मोटार हवा ओढायला लागली. मार्चअखेर ऊस कापून गुरांपुढे टाकला. एप्रिलात गावात टँकर सुरू झाला आणि मी रांगेत हंडा धरून उभा राहिलो.

ऑक्टोबरच्या त्या मोजणीचं पुढे काय होतं, हे मला नंतर कळलं. तुम्ही ती पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहता, त्यावरून संभाव्य पाणीटंचाईचा अहवाल काढता, आणि प्रशासन टंचाई आराखडा करताना तो पुढ्यात ठेवतं. म्हणजे एप्रिलात टँकर लागणार याची चाहूल ऑक्टोबरातच कागदावर उमटते, आणि त्याच ऑक्टोबरात मी उसाच्या सऱ्या पाडत होतो. तुमचा अंदाज चुकला नाही. तो खरा ठरवण्यात माझ्याही दीड एकराचा हातभार लागला.

या पत्रात मागणं एकच आहे. ऑक्टोबरचा आकडा टँकरच्या आधी पेरणीला मिळावा. आणि तो नुसता आकडा नसावा. "दोन मीटर खाली" हे वाक्य मला कळलं होतं, त्याचा अर्थ कळला नव्हता. तो सांगायला माणूस हवा.

तो अर्थ मी नंतर घरी वहीवर मांडून पाहिला. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन बेसाल्टवर बसली आहे. हा खडक वाळूसारखं पाणी धरत नाही. त्याच्या भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि आमच्याकडे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात काय मावेल तेवढंच. तुमचेच लोक हिशेबाला खडकाच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्के पाणी धरतात. २ टक्के धरू. म्हणजे एक हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरली की हाती येतं २०० घनमीटर पाणी. उसाला वर्षभरात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, तेव्हा माझ्या दीड एकराला झाले १२,००० घनमीटर. भागाकार केला तर ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकराखालची पातळी एक मीटरने खाली. मधल्या पावसाळ्याचा वाटा म्हणून निम्मं सोडून दिलं तरी पाऊणशे एकर उरतात. सातबाऱ्यावर माझ्या नावे आहेत साडेतीन. बाकीचं पाणी कुणाच्या बांधाखालून येणार होतं, हे सांगायला भूशास्त्रज्ञ कशाला हवा? त्याच दीड एकरात हरभरा करून दोन पाणी दिली असती तर दहा एकराखालच्या पाण्यात भागलं असतं.

हे गणित सातवीच्या मुलाला येतं. पण ते ऑक्टोबरात, ग्रामसभेत, आमच्याच शिवारातल्या विहिरींचे आकडे घालून कुणी फळ्यावर मांडलेलं मी पाहिलं नाही.

आकडा नसला की त्याची जागा दुसरं काहीतरी घेतं. आमच्याकडे ती बोअरने घेतली. गंमत म्हणजे बोअर आणि हातपंप या गोष्टींशी जालन्याचं जुनं नातं आहे. साठच्या दशकात इथल्या मिशनच्या लोकांनी कातळात बोअर पाडून त्यावर बसवायला जो हातपंप बनवला तो जालना पंप. त्यानंतर सोलापूर पंप आला आणि त्यातून पुढे इंडिया मार्क टू. ते सगळं पिण्याच्या पाण्यासाठी होतं. आता रात्री नऊला बोअर पाडणारी तमिळनाडूची गाडी गावात शिरते, पहाटेपर्यंत धडधडते, आणि सकाळी शेजारच्या तुरीवर पांढऱ्या भुकटीचा थर बसलेला असतो. दोनशे फुटांवर काळा पाषाण, तीनशेवर काळा पाषाण. मालक म्हणतो, अजून पन्नास जाऊ द्या. दीड इंच पाणी लागलं तर पेढे, नाही तर कर्ज. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची विहीर ही खोल विहीर आहे आणि शेतीसाठी तिला मनाई आहे. कायदा २०१४ पासून लागू झाला. गाडीवाल्याला विचारलं तर तो हसतो.

बोअरची जागा दाखवायला पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून शिवारात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. मी त्याला हसतो. पण तो बोलावल्यावर येतो, शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो, आणि पैसा जमिनीत जाण्याआधी येतो. या तिन्ही बाबतींत शास्त्राने त्याच्याकडून शिकायला हरकत नाही.

तुमच्या कामाला मी कमी लेखत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास तुमची यंत्रणा उभी राहिली. राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रं तुम्ही आखलीत, सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजत आलात, पुढे गावोगाव जलसुरक्षक नेमून ते जाळं वाढवलंत. अटल भूजल योजनेत निवडलेल्या गावांचे पाण्याचे ताळेबंदही झाले. इतकी वर्षं न चुकता विहिरीत टेप सोडणं हे या देशात लहान काम नाही. पण शोषित, अंशतः शोषित, अतिशोषित हे शब्द पाणलोटाला लागतात, माझ्या विहिरीला लागत नाहीत. आमचं पाणलोट तुमच्या दप्तरी दोन अक्षरं आणि एक आकडा आहे. गावात ते नाव कुणाला माहीत नाही. आम्ही त्याला ओढ्याकडचं रान म्हणतो.

शिवाय तुम्ही पाणीपुरवठा खात्यात बसता. धरणं जलसंपदाकडे, नाले मृद व जलसंधारणाकडे, पीक कृषीकडे, मोटारीची वीज महावितरणकडे. थेंब एकच आहे, पण त्याच्या फायली पाच. नाले खोल करणाऱ्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला आणि भूजल पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगने २०२० मध्ये म्हटलं, त्याचं मला नवल वाटलं नाही. नाला कुठे उकरायचा आणि कुठे मुळीच हात लावायचा नाही, हे खालचा खडक सांगतो. मुरूम संपेपर्यंत उकरलं तर शेजारच्या विहिरींचंच पाणी नाल्यात उतरू शकतं. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं पाणी धरायला ते खोदलं, प्लास्टिक अंथरलं, आणि विहिरीतून उपसून भरलं, म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवलं.

पाण्याच्या नियोजनासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावाचं नाव घेतलं की लोक म्हणतात, तिथे पोपटराव पवारांसारखा पुढारी आहे. खरं आहे. पण तिथे पर्जन्यमापकही आहे. पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, पिण्याचं आणि गुरांचं आधी बाजूला काढतं आणि उरलेल्यात रब्बी ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हा ठराव गावाने स्वतः केला आणि पाळला. पोपटराव प्रत्येक गावाला मिळणार नाहीत, पण ताळेबंद मिळू शकतो. तो मांडायला लागणारी माहिती बव्हंशी तुमच्याकडेच आहे.

म्हणून सुचवतो. २ ऑक्टोबरला ग्रामसभा बहुतेक गावांत होतेच. तोपर्यंत ज्वारी पेरलेली असली तरी हरभरा, गहू, पूर्वहंगामी आणि सुरू ऊस, उन्हाळी भुईमूग हे सगळे निर्णय पुढेच असतात. मोजणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरकून आकडा त्या सभेत वाचावा, गावाच्या विहिरींच्या नावानिशी. तुमचा माणूस सगळीकडे पोचणार नाही हे कळतं. जलसुरक्षकाला वाचू द्या, नाही तर शाळेतल्या मास्तरला. हे मास्तर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळं करतात, त्यात हे एक. आकड्याखाली तीन ओळी असाव्यात: एवढ्या पाण्यात किती एकर हरभरा, किती गहू, किती ऊस. सक्ती नको. भूजल कायद्यात भूजलावर बेतलेल्या पीक आराखड्याची तरतूद आहे, ती अमलात यायची तेव्हा येवो. आधी माहिती येऊ द्या. उरलेलं काम भावकी करेल. "गुरुजी, तुमच्या उसापायी आमची दीडशे एकरं?" हा प्रश्न २०१८ मध्ये मला चारचौघांत कुणी विचारला असता तर ऊस लावायची माझी छाती झाली नसती.

आकडे मागितले तर तुम्ही देता, हे मला ठाऊक आहे. पण ऐन हंगामात पुण्याला अर्ज करणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. मीही केला नव्हता.

मागच्या वैशाखात विहीर कोरडी असताना आम्ही आत उतरून चिऱ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने मीटरच्या खुणा केल्या. आता शाळेतून येताना पोरं कठड्यावर वाकून पातळी वाचतात आणि येऊन मला सांगतात. कालची होती ७.३. ती चांगली की वाईट, हे पोरं विचारतात तेव्हा मला नीट सांगता येत नाही. या विहिरीची पाच वर्षांची सरासरी तेवढी पाठवा. तिथे तांबडी रेघ ओढायची आहे, रंगाचा डबा आणून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जिल्हा जालना