90 रुग्ण, दीड वर्ष आणि 28 मीटर: दुर्मीळ आजारावरचं औषध 'लागू पडलं' हे ठरवतात कसं?

28 मीटर म्हणजे किती? क्रिकेटचं पिच साधारण 20 मीटरचं असतं, त्यापेक्षा थोडं जास्त. पॉम्पे नावाच्या आजारावरचं औषध मोठ्या वयाच्या रुग्णांना उपयोगी पडतं की नाही, याचं उत्तर या 28 मीटरमध्ये होतं.

2010 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या चाचणीचे निकाल छापून आले. रुग्ण फक्त 90, सगळे आठ वर्षं किंवा त्याहून मोठे. 60 जणांना दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध दिलं, 30 जणांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. 78 आठवडे हे चाललं. मग प्रत्येकाला सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजलं. औषध घेणारे सुरुवातीपेक्षा सरासरी 25 मीटर जास्त चालले आणि न घेणारे 3 मीटर कमी.

बस, एवढंच? बातमी वाचणाऱ्याला असं वाटू शकतं. पण हा आजार दर वर्षी थोडी थोडी ताकद काढून घेतो. आधी जिने चढता येत नाहीत, मग व्हीलचेअर येते, मग रात्री श्वासासाठी मशीन लागतं. अशा माणसाचं चालणं दीड वर्षात कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं, ही छोटी गोष्ट नाही.

मुळात हा आजार काय आहे?

आपलं शरीर जादाची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. पेशींमध्ये लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना 'लयकारिका' म्हटलंय. पेशीतला कचरा तिथे मोडला जातो. तिथे पोहोचलेलं ग्लायकोजेन मोडायला एक एन्झाइम लागतं. पॉम्पेच्या रुग्णांत ते एन्झाइम नसतं किंवा फारच कमी असतं. मग ग्लायकोजेन साठत जातं आणि स्नायू खराब होतात.

डच डॉक्टर योहानेस पॉम्पे यांनी 1932 मध्ये सात महिन्यांच्या एका मुलीच्या अवाढव्य हृदयाची नोंद केली होती. त्यामागचं एन्झाइम बेल्जियमच्या हेन्री-जेरी हर्स यांनी 1963 मध्ये शोधलं.

आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. आईवडिलांना स्वतःला काहीच त्रास नसतो, त्यामुळे आधी कल्पनाही येत नाही. 'आमच्या घराण्यात असं कोणाला नव्हतं' हे वाक्य म्हणूनच अशा कुटुंबांत हमखास ऐकू येतं.

जे एन्झाइम नाही, ते बाहेरून द्यायचं

कल्पना सोपी आहे. अंमलबजावणी मात्र अवघड. या प्रकारचा पहिला यशस्वी उपचार गोशे या दुसऱ्या आजारावर झाला, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या रॉस्को ब्रेडी यांच्या कामातून. 1991 मध्ये त्या औषधाला मंजुरी मिळाली. ते एन्झाइम बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतून काढत. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला साधारण 20 हजार वारा लागायच्या! पुढे जनुकीय बदल केलेल्या पेशींमधून एन्झाइम बनवायला लागले, तेव्हा ती अडचण सुटली.

पॉम्पेची सुरुवात तर सशाच्या दुधापासून झाली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये 1999 मध्ये चार बाळांना जे एन्झाइम दिलं, ते जनुकीय बदल केलेल्या सशांच्या दुधातून काढलेलं होतं. सशाच्या दुधातून किती औषध मिळणार? पुढे इथेही पेशींच्या टाक्या आल्या.

बाळाला खोटं औषध देणार?

चाचणीचा नियम असा की काहींना औषध द्या, काहींना देऊ नका आणि फरक बघा. पण जन्मतःच पॉम्पे झालेली बहुतेक बाळं उपचाराविना पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोहोचत नाहीत. अशा वेळी अर्ध्या बाळांना नुसतं सलाईन लावून फरक बघत बसणं कोणत्या डॉक्टरला जमेल?

म्हणून वेगळा मार्ग काढला. सहा महिन्यांच्या आतल्या 18 बाळांना, सगळ्यांनाच, औषध दिलं. तुलना केली ती औषध येण्याआधीच्या 61 बाळांच्या जुन्या नोंदींशी. त्या जुन्या गटात दीड वर्षाच्या वयापर्यंत जगण्याचं प्रमाण जेमतेम 2 टक्के होतं. औषध मिळालेली 18 च्या 18 बाळं दीड वर्षाची झाली. 2007 मध्ये हे निकाल छापले गेले. औषधाला मंजुरी त्याआधीच, 2006 मध्ये, युरोप आणि अमेरिकेत मिळाली होती.

जुन्या नोंदींशी तुलना करणं एरवी कच्चं मानतात. काळानुसार अतिदक्षता विभाग सुधारतात, निदान लवकर होतं, आणि त्याचं श्रेय चुकून औषधाला जातं. पण 2 टक्के आणि 100 टक्के यांतला फरक एवढा मोठा आहे की इथे ती शंका फार टिकत नाही.

तरी सगळं छान झालं असं नाही. हृदय चांगला प्रतिसाद देतं, हातापायांचे स्नायू तेवढा देत नाहीत. काही बाळांच्या शरीरात हे एन्झाइम मुळीच तयार होत नाही. त्यांच्यासाठी औषध म्हणजे परकी वस्तू, त्यामुळे शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि औषध निकामी होतं. अशा बाळांची प्रतिकारशक्ती आधी औषधांनी शांत करावी लागते. ही गोष्ट पहिल्या काही रुग्णांकडे बघूनच कळली.

टाकी बदलली, औषध बदललं

गोळीचं सूत्र ठरलेलं असतं, कारखाना मोठा केला तरी गोळी तीच. एन्झाइमचं तसं नाही, ते जिवंत पेशी बनवतात. कंपनीने मागणी भागवायला 160 लिटरच्या टाकीऐवजी 2000 लिटरची टाकी वापरली, तेव्हा एन्झाइमवरच्या साखरेच्या साखळ्यांमध्ये फरक दिसला. या साखळ्या म्हणजे पाकिटावरचा पत्ता, त्याच्या आधारे एन्झाइम लायसोसोमपर्यंत जातं. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने म्हटलं, हे वेगळं औषध आहे, वेगळी मंजुरी घ्या. शेवटी 4000 लिटरच्या टाकीतल्या औषधाला 2010 मध्ये वेगळ्या नावाने मंजुरी मिळाली. तोवर अमेरिकेतल्या मोठ्या वयाच्या रुग्णांना थांबावं लागलं. नियामकाचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, पण ताकद कमी होत चाललेल्या माणसाला ते पटवणं कठीणच.

नवी औषधं: जिंकली की नाही?

आता मोठ्या रुग्णांत खोटं औषध देऊनही चाचणी घेता येत नाही, कारण खरं औषध बाजारात आहे. त्यामुळे नव्याची तुलना जुन्याशी होते. 100 रुग्णांच्या एका चाचणीत नवं औषध फुप्फुसांच्या क्षमतेत जुन्यापेक्षा कमी नाही एवढं सिद्ध झालं. ते सरस आहे हे आकड्यांच्या कडक कसोटीवर थोडक्यात हुकलं. 2021 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. दुसऱ्या औषधाच्या चाचणीत 123 रुग्ण होते. चालण्याच्या अंतरात 13 ते 14 मीटरचा फरक दिसला, पण तो योगायोग नाही असं ठामपणे म्हणता येईना. 2023 मध्ये त्यालाही मंजुरी मिळाली.

'चाचणीत नापास, तरी मंजुरी' असा मथळा करायला हे सोपं आहे, पण तो अर्धवट ठरेल. रुग्ण शंभरच असतील, कोणी चालू शकतो, कोणी जेमतेम, तर खरा फरकही आकड्यांच्या गोंधळात हरवतो. मधुमेहासारखे दहा हजार रुग्ण आणणार कुठून? नियामक मग बाकीचे पुरावे बघतात. यात ढिलाई होऊ शकते, ही टीकाही खरी आहे, कारण असं औषध जगातल्या सगळ्यात महागड्या औषधांत मोडतं.

आणि भारतात?

हिशेब करून बघू. डोस दर किलोला 20 मिलिग्रॅम, एका बाटलीत 50 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी चार बाटल्या, वर्षात 26 वेळा, म्हणजे 104 बाटल्या. तेच मूल 25 किलोचं झालं की 260 बाटल्या. आणि हे आयुष्यभर.

केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणातच लिहिलंय की दहा किलोच्या मुलाचा काही आजारांवरचा वर्षाचा खर्च 10 लाखांपासून 1 कोटीच्या वर जाऊ शकतो. 2022 पासून धोरणात प्रत्येक रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत आहे, ती मुंबईच्या केईएमसारख्या ठरावीक रुग्णालयांतून मिळते. वजन वाढतं, मर्यादा तीच राहते. मधेच औषध थांबलं तर साठणं पुन्हा सुरू होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं, दोन आर्थिक वर्षांसाठी 974 कोटींचा.

चाचण्यांबाबत ऑगस्ट 2024 मध्ये एक बदल झाला. अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, जपान, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात मंजूर झालेल्या दुर्मीळ आजारांवरच्या औषधांना भारतात वेगळी चाचणी न घेता परवानगी देता येते. औषध लवकर येईल हा फायदा. मात्र भारतीय रुग्णांवरची माहिती मग विक्रीनंतरच गोळा होणार.

चाचणीत भाग घेणाऱ्या कुटुंबांसाठी 2019 च्या नियमांतली एक तरतूद सगळ्यात कामाची आहे. औषध लागू पडलं, पर्यायी उपचार उपलब्ध नसेल, डॉक्टरने शिफारस केली आणि नैतिकता समितीने मान्य केलं, तर चाचणी संपल्यावरही कंपनीने ते मोफत द्यायचं. अडचण 'उपलब्ध' या शब्दात आहे. वर्षाला कोटीचं औषध बाजारात असेल तर ते उपलब्ध म्हणायचं का? संमतीपत्रावर सही करण्याआधी, चाचणी संपल्यावर औषध किती काळ आणि कोणत्या अटींवर मिळेल, हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घेता येतं.