बटण दाबण्याआधी बघा

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळ वाघाडीच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक जीव गेले. त्याची बातमी झाली. जळगावच्या चटई कारखान्यात, दालमिलमध्ये, धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये बोटं तुटतात, त्यांची बातमी होत नाही. नर्स म्हणून आम्ही ती ड्रेसिंगच्या टेबलावर पाहिली आहेत. विचारलं की उत्तर यायचं, "पट्ट्यावरची जाळी नव्हती, पण मुकादम ओरडेल म्हणून मशीन चालू केलं."

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. तपासून बघणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. रोज आधी जाळी, वायर, अर्थिंग आणि बंद करायचं बटण बघा. पदर, ओढणी खोचा. आत हात घालायचा तर मेन स्विच बंद करा. बिघाड दिसला तर दोघांसमोर सांगा, तारीख लिहून ठेवा.

जाळी बसवणं मालकाचं काम. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच ते त्याच्यावर टाकलं. बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारं विधेयक मांडलं. त्या ४८ तासांनंतर दोन्ही हात शाबूत घेऊन घरी येणं, हाही आपला हक्कच आहे.