एक की सगळी?

यादीतल्या कलमाचे पहिले अक्षर मोठे की लहान, यावर इंग्रजीत तांत्रिक मजकूर लिहिणाऱ्यांचे एकमत नाही. मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका सांगते मोठे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची सांगते लहान, आणि शेवटी पूर्णविरामही नको. दोघांचे वाचक सुखरूप आहेत.

आपण या भांडणातून जन्मतःच सुटलो. देवनागरीत थोरली-धाकटी अक्षरे नाहीत. मोडीत तर शब्दही सुटे लिहीत नसत. इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. हिंदीने आपला दंड राखला, आपण साहेबाचे टिंब घेतले. कलमांना अक्षरे लावतो तीही अ, ब, क, ड. कोणत्या वर्णमालेत ‘अ’नंतर ‘ब’ येतो? ही धोतर नेसलेली एबीसीडी आहे.

तरी चिन्हांची चेष्टा जपून करावी. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात, कोणत्या कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला नाही, याची यादी होती. तिच्या शेपटाला ‘पाठवणी किंवा वितरणासाठी बांधणी’ असे एकच काम होते, की ‘वितरण’ हे वेगळे काम? इंग्रजी मजकुरात ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक म्हणाले, आम्ही बांधत नाही, नुसते पोचवतो. २०१७ साली अपील न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला. पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. विधिमंडळाने निकालानंतर त्या यादीत चक्क अर्धविराम घातले.

आपल्या दाखल्याच्या अर्जामागेही यादी असते. आधार कार्ड, शिधापत्रिका, वीजबिल, भाडेकरार. एकाखाली एक, प्रत्येकापुढे ठसठशीत टिंब. सगळी आणायची की एक? भाडेकरूकडे स्वतःच्या नावाचे वीजबिल कुठून येणार? याचा उलगडा खिडकीपलीकडचा माणूस करतो, बहुधा दुसऱ्या खेपेला. काही ठिकाणी मध्ये तिरकी रेघ असते. ती ‘आणि’ की ‘किंवा’, हे खिडकीवर त्या दिवशी कोण बसले आहे त्यावर.

अर्ज छापणाऱ्यांनी टिंब द्यावे, बाण द्यावा, हवे तर फूल काढावे. यादीच्या माथ्यावर तेवढे ‘यांपैकी कोणतेही एक’ किंवा ‘ही सर्व’ छापावे.